काट्यापासून खातेवहीपर्यंत : जोडप्रणाली प्रत्यक्ष कामाला लावण्यापूर्वी तिची चाचणी कशी घ्यावी

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या डाळ मिलमध्ये नव्याने रुजू झालेल्या संगणकाच्या माणसावर आज ना उद्या एक काम येते. गाड्यांचा वजनकाटा, गोदामाची नोंद, हिशेबाचे सॉफ्टवेअर, बँक, जीएसटीचे पोर्टल आणि शेतकऱ्यांना जाणारा एसएमएस हे सगळे एकमेकांशी जोडून द्यायचे असते. जोडणी करणारी कंपनी येते, दोन दिवस बसते, पडद्यावर हिरवी खूण दाखवते आणि म्हणते, ‘झाले, उद्यापासून चालू करा.’ हा लेख त्या ‘उद्यापासून’च्या अलीकडे काय काय तपासावे यासाठी आहे. उदाहरण डाळ मिलचे घेतले असले, तरी रावेर-सावद्याचा केळीचा व्यापार, धुळ्याची जिनिंग किंवा नंदुरबारचा मिरचीचा व्यवहार यांनाही पायऱ्या याच लागू पडतात.

आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हिरवी खूण फक्त एवढेच सांगते, की एका प्रणालीने पाठवलेला निरोप दुसरीने घेतला. त्या निरोपातून दुसरीकडे जी नोंद झाली ती बरोबर आहे का, हे ती खूण सांगत नाही. म्हणून चाचणी म्हणजे दोन्ही टोकांच्या आकड्यांचा मेळ लावणे होय, आणि तो मेळ संगणकाच्या माणसाने एकट्याने लावायचा नसून मुनीमजी आणि काट्यावरचा माणूस यांना शेजारी बसवून लावायचा असतो.

आधी कागदावर सगळ्या तारा काढा

एक मोठा कागद घेऊन प्रत्येक प्रणालीसाठी एक चौकट काढावी आणि चौकटी रेघांनी जोडाव्यात. प्रत्येक रेघ म्हणजे दोन प्रणालींमधली एक तार, म्हणजेच जोडणी. प्रत्येक रेघेवर चार गोष्टी लिहाव्यात : काय जाते, कोणत्या रूपात जाते, केव्हा जाते आणि अडले तर कोणाला फोन करायचा. काट्याचा दर्शक (वजन दाखवणारी पेटी) बहुधा आरएस-२३२ या जुन्या प्रकारच्या केबलमधून वजनाचा मजकूर सतत फेकत असतो, तर हिशेबाची फाइल दिवसातून एकदाच जात असते. बँकेकडे देयकांची, म्हणजे कोणाला किती पैसे द्यायचे त्याची, यादी दुपारी जाते, पण पैसे पोहोचल्याची खबर तासाभराने येते. हे वेगवेगळे ताल कागदावर एकत्र दिसले, की चाचणी कुठे कसून घ्यावी लागेल हे अर्धेअधिक तिथेच कळते. या कागदावर हमखास एखादी अशी रेघ सापडते जी कोणीच सांगितलेली नसते. उदाहरणार्थ, रोज संध्याकाळी एखादा कारकून एक एक्सेल फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या टेबलावर नेऊन देत असतो, आणि ती फाइल म्हणजेही एक जोडणीच असते.

अपेक्षित उत्तर चाचणीच्या आधी लिहून ठेवा

नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. ते व्यवहार पाठवतात, पलीकडे आलेला आकडा पाहतात आणि ‘ठीक वाटतो’ म्हणून पुढे जातात. त्याऐवजी प्रत्येक चाचणी व्यवहाराचे उत्तर आधी हाताने काढून वहीत लिहावे आणि मगच तो व्यवहार प्रणालीतून सोडावा.

समजा तुरीची गाडी आली. भरलेल्या गाडीचे वजन २४,८६० किलो, रिकाम्या गाडीचे ९,३४० किलो, म्हणजे माल बारदानासह १५,५२० किलो. पोती ३१० आणि प्रत्येक पोत्याचे बारदान ६०० ग्रॅम धरले, तर बारदान १८६ किलो होते आणि निव्वळ तूर १५,३३४ किलो, म्हणजे १५३.३४ क्विंटल राहते. क्विंटलला ७,२५० रुपये भावाने रक्कम ११,११,७१५ रुपये होते. आता मधल्या प्रणालीने क्विंटल एकाच दशांश स्थळापर्यंत ठेवले, तर १५३.३ क्विंटलचे ११,११,४२५ रुपये होतात. या एका गाडीत शेतकऱ्याचे २९० रुपये गेले, आणि पडद्यावर मात्र सगळ्या खुणा हिरव्याच राहिल्या. पुढच्या गाडीत हीच चूक मिलच्या अंगावर येऊ शकेल. अशी तफावत नुसत्या नजरेला दिसत नाही, आधी लिहिलेल्या उत्तराशी ताडून पाहिली तरच सापडते.

एककांचा घोळ तर याहून महाग पडतो. काटा किलोत बोलतो, बाजार क्विंटलमध्ये आणि वाहतूकदार टनात. नासाचे मंगळाभोवती फिरायला पाठवलेले क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले, ते एका गटाचे सॉफ्टवेअर पाउंडाच्या एककात आकडे देत होते आणि दुसऱ्या गटाचे सॉफ्टवेअर ते न्यूटनच्या एककात समजून वापरत होते म्हणून. आपापल्या जागी दोन्ही सॉफ्टवेअर चालतच होती, चूक त्यांच्या सांध्यात होती. म्हणून कागदावरच्या प्रत्येक रेघेवर एकक लिहिलेले असलेच पाहिजे.

चाचणीची जागा वेगळी असू द्या, आणि ती खरोखर वेगळी आहे का ते पाहा

चाचणी चालू हिशेबावर करायची नसते, हे सगळेच सांगतात. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल) आणि ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद) यांच्यासाठी सरकारी यंत्रणेचे सँडबॉक्स, म्हणजे चाचणीपुरते वेगळे पोर्टल उपलब्ध आहे. बँकाही चाचणीचे खाते देतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी कंपनी उघडता येते. घोळ होतो तो या वेगळ्या जागेतली एखादी तार खऱ्या जगाला जोडलेली राहून जाते तेव्हा.

हे मी स्वतः भोगले आहे. एका व्यापाऱ्याकडे चाचणीसाठी आम्ही खऱ्या खात्यांची जशीच्या तशी नक्कल घेतली. बँकेची तार तोडली, पोर्टलची तोडली, एसएमएसची मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. संध्याकाळी शेकडो शेतकऱ्यांच्या मोबाइलवर ‘आपल्या खात्यात रक्कम जमा केली आहे’ असा संदेश गेला आणि सकाळी गेट उघडण्याआधीच माणसे पासबुके घेऊन उभी होती. त्यांची समजूत घालण्यात अख्खा दिवस गेला. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की नक्कल घेतली की पहिल्या पाच मिनिटांत सगळे मोबाइल क्रमांक आपल्या दोन-चार सहकाऱ्यांच्या क्रमांकांनी बदलायचे, बँक खात्यांचे क्रमांक खोटे करायचे आणि मगच पुढचे काम करायचे. शेतकऱ्यांची माहिती उघडी पडू न देणे ही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाची गोष्ट आहे.

एसएमएसचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगून ठेवतो. व्यावसायिक संदेशाचा मजकूर आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो, आणि पाठवलेला मजकूर नोंदलेल्या नमुन्याशी जुळला नाही तर तो वाटेतच अडतो. शिवाय इंग्रजी अक्षरांतल्या एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७० च. त्यामुळे चाचणीत इंग्रजी मजकूर वापरून मराठी संदेशाच्या खर्चाचा अंदाज बांधू नये.

चाचणीचा माल अडचणीचा निवडा

सरळ, साफ व्यवहार कोणतीही प्रणाली पार पाडते. चाचणीला त्रास देणारे व्यवहार हवेत, आणि ते शोधायला फार लांब जावे लागत नाही, आपल्याच जुन्या फायलींत ते पडलेले असतात.

नावांपासून सुरुवात करावी. यावल-चोपड्याकडच्या एकेका गावात एकाच नावाचे तीन-तीन पाटील सापडतात, तेव्हा नावावरून खाते शोधणारी प्रणाली पैसे भलत्याच पाटलांना पाठवू शकते. देवनागरी अक्षरे साठवताना नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून ४० बाइटांच्या रकान्यात जेमतेम १३ चिन्हे मावतात. काना-मात्राही त्यांत वेगळ्या मोजल्या जातात, आणि लांब नाव मध्येच तुटते. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरे असलेली नावे दोन-चार तरी यादीत घालावीतच.

मग खाते क्रमांक. काही बँकांचे क्रमांक शून्याने सुरू होतात आणि एक्सेलमध्ये ते साध्या आकड्याच्या रकान्यात गेले की सुरुवातीची शून्ये उडतात. एक्सेल १५ पेक्षा जास्त अंक जसेच्या तसे ठेवत नसल्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो, आणि पडद्यावर तो क्रमांक अगदी खरा दिसतो. पेनड्राइव्हवरून जाणाऱ्या त्या फाइलचा उल्लेख मी वर केला, तो याच कारणाने.

कराची उदाहरणे काळजीपूर्वक जोडीने घ्यावीत. आपल्या मिलची तीच तूरडाळ २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीत विकली, तर १८ जुलै २०२२ पासून तिच्यावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि ३० किलोच्या कट्ट्यात विकली तर लागत नाही. माल बुऱ्हाणपूरला गेला तर खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक २३ ने सुरू होतो आणि आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, लागतो. सुरतेला गेला तर तो क्रमांक २४ ने सुरू होतो. भुसावळला गेला तर २७, आणि कर सीजीएसटी (केंद्राचा) व एसजीएसटी (राज्याचा) असा अर्धा-अर्धा विभागला जातो. करपात्र मालासाठी राज्याबाहेर ५०,००० रुपयांच्या वर ई-वे बिल लागते, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाखाची आहे. म्हणून ४९,९९९, ५०,०००, ५०,००१ अशा रकमांची बिले करून पाहावीत. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ठरते, तेव्हा २०० आणि २०१ किलोमीटर ही दोन अंतरेही तपासावीत. बिल क्रमांक १६ चिन्हांपेक्षा लांब चालत नाही. तुमच्या मिलचा बिल क्रमांक वर्ष, शाखा, विभाग असे सगळे जोडून १७ चिन्हांचा होत असेल, तर ते पोर्टलने परत केलेल्या बिलावरून नव्हे, या चाचणीतच कळायला हवे.

आणि तारीख. उन्हाळ्यात आपल्याकडे उन्हामुळे गाड्या रात्री येतात. सर्व्हरवरचे घड्याळ जागतिक वेळेने चालत असेल तर ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, आणि १ एप्रिलला रात्री २ वाजता काट्यावर आलेली गाडी त्याच्या लेखी ३१ मार्चच्या रात्री साडेआठची असते. एका गाडीमुळे खरेदी मागच्या आर्थिक वर्षात जाते. हा एक व्यवहार चाचणीच्या यादीत असायलाच हवा.

आधी एकेक तार, मग साखळी

पहिल्या फेरीत काटा ते गोदाम एवढेच तपासावे. ते जुळले की गोदाम ते हिशेब, मग हिशेब ते पोर्टल, मग बँक. अशा सगळ्या जोड्या जुळल्यावरच गाडी गेटातून आत येण्यापासून शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जाईपर्यंतची अख्खी साखळी एकसंध चालवावी. उलट क्रमाने गेल्यास, म्हणजे एकदम साखळीच चालवल्यास, चूक दिसते पण ती कोणत्या सांध्यात आहे ते कळत नाही, आणि काट्याची कंपनी हिशेबाच्या कंपनीकडे बोट दाखवत राहते.

मुद्दाम बिघडवून पाहा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्याकडे रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटते, वीज जाते, काट्याच्या दर्शकाची केबल कोणाच्या तरी पायाला लागून सैल होते. हे सगळे चाचणीत घडवून आणावे. व्यवहार अर्ध्यावर असताना नेटची वायर काढावी, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा, काट्याची केबल उपटून पाहावी. काट्याकडून आकडा येईनासा झाल्यावर प्रणाली शेवटचे वजनच पुढच्या गाडीला चिकटवत असेल, तर ती बंद पडलेली बरी.

सर्वांत घातक प्रसंग असा असतो : आपण बँकेला देयक पाठवले, उत्तर येण्याआधी संपर्क तुटला. पैसे गेले की नाही, हे आपल्या प्रणालीला ठाऊक नाही. अशा वेळी तिने नवा संदर्भ क्रमांक देऊन तेच देयक पुन्हा पाठवले, तर शेतकऱ्याला दोनदा पैसे मिळतात आणि एकदा परत मागावे लागतात. योग्य वागणूक अशी, की आधी त्याच संदर्भ क्रमांकाची स्थिती विचारावी, आणि पुन्हा पाठवायचेच झाले तर तोच क्रमांक वापरावा, म्हणजे पलीकडची प्रणाली दुसरी प्रत ओळखून नाकारेल. म्हणून प्रत्येक तारेवर एकच निरोप मुद्दाम दोनदा पाठवून पाहावा. दोन्ही वेळा मिळून पलीकडे नोंद एकच दिसली पाहिजे.

ई-इनव्हॉइसचे पोर्टल या बाबतीत आपली मदत करते. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून ६४ चिन्हांचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा एकमेव नोंदणी क्रमांक, तयार होत असल्यामुळे तेच बिल पुन्हा पाठवले की दुबार असल्याची त्रुटी येते. ही त्रुटी म्हणजे अपयश नव्हे, बिल आधीच नोंदले गेल्याची ती खूण असते. तुमची प्रणाली ती अपयश समजून बिल क्रमांक बदलून पुन्हा पाठवत असेल, तर एकाच मालाची दोन बिले होतात. आणि चुकीचे ई-इनव्हॉइस पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात, त्यामुळे रद्द करण्याची वाटही चाचणीत एकदा चालून पाहावी.

निरोप उलट क्रमाने आले तर काय होते, हेही पाहावे. रिकाम्या गाडीचे वजन भरलेल्या गाडीच्या आधी नोंदले गेले, तर काही प्रणाली उणे वजनाची पावती बिनदिक्कत छापतात.

गर्दीची चाचणी मात्र सोपी असते. तुरीच्या हंगामातला सर्वांत गर्दीचा तास जुन्या वहीतून शोधावा, त्या तासातल्या गाड्यांच्या तिप्पट व्यवहार एकदम सोडावेत, आणि पावती छापायला किती सेकंद लागतात ते मोजावे.

जुनी वही आणि नवी प्रणाली काही दिवस शेजारी चालवा

चाचणीच्या जागेत सगळे जुळल्यावर खऱ्या कामात दोन्ही पद्धती समांतर चालवाव्यात. काट्यावरचा माणूस याला कंटाळतो, आणि त्याचे बरोबरही असते. ‘एकच गाडी दोन ठिकाणी लिहायची का भो?’ या त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे, की होय, पण फक्त महिनाभर. महिना यासाठी, की त्यात महिनाअखेर येते, आणि पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राचे आकडे दोन्हीकडून काढून ताडता येतात. आठवड्याची समांतर चाचणी महिनाअखेरचे एकही काम पाहत नाही.

रोज रात्री पाच आकडे ताडावेत : गाड्यांची संख्या, एकूण निव्वळ वजन, एकूण खरेदी रक्कम, बँकेतून गेलेली रक्कम आणि पोर्टलवरील बिलांची संख्या. एका रुपयाचाही फरक ‘राउंडिंगचा असेल’ म्हणून सोडू नये, त्याचे कारण सापडेपर्यंत बसावे. मुनीमजींना हे समजावून सांगावे लागत नाही. रोजकीर्द जुळल्याशिवाय घरी न जाण्याची सवय त्यांना आपल्या जन्माआधीपासून असते. चाचणी पूर्ण झाल्याच्या कागदावर सही त्यांची आणि काट्यावरच्या माणसाची घ्यावी, नुसती आपली आणि विकणाऱ्या कंपनीची नव्हे.

सुरू करण्याचा दिवस आणि मागे फिरण्याची वाट

मालकांना बहुधा पाडव्याचा किंवा आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) मुहूर्त हवा असतो. मुहूर्ताला माझा विरोध नाही. मुहूर्ताच्या दिवशी नव्या प्रणालीची पूजा करावी, पहिली पावती छापावी, पण सणाला निम्मा कर्मचारीवर्ग सुट्टीवर आणि बँक बंद असताना सगळा व्यवहार तिच्यावर टाकू नये. ३१ मार्च, महिनाअखेर आणि शनिवार हे दिवसही टाळावेत. मंगळवार-बुधवार बरा, म्हणजे काही चुकलेच तर दुरुस्तीला आठवड्याचे दोन-तीन दिवस हाताशी राहतात.

चाचणीचे पासवर्ड, सर्व्हरचे पत्ते आणि डिजिटल किल्ल्या काढून खऱ्या घालताना यादी समोर ठेवून एकाने वाचावे आणि दुसऱ्याने तपासावे. डिजिटल स्वाक्षरीची मुदत कधी संपते तेही याच यादीत लिहावे. प्रत्येक संगणकावर एकच आवृत्ती बसली आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवी आवृत्ती टाकायची राहून गेली, त्यावरचा जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झाले. आपल्याकडे दोन काट्यांपैकी एकावर जुनी आवृत्ती राहणे ही त्याच जातीची चूक आहे.

मागे फिरायची वेळ आली तर निर्णय कोणी घ्यायचा, किती वाजेपर्यंत घ्यायचा आणि तोवर नव्या प्रणालीत गेलेले व्यवहार जुन्या वहीत कसे आणायचे, हे आधीच लिहून ठेवावे, आणि समांतर चाचणीच्या महिन्यात एकदा खरोखर मागे फिरून पाहावे. पहिल्यांदा मागे फिरण्याचा प्रसंग गेटावर गाड्यांची रांग लागलेली असताना येऊ नये.

शेवटी काट्याच्या खोलीत भिंतीवर लावायला एक पान तयार करावे. पडद्यावर कोणता संदेश आला तर काय करायचे, नेट गेले तर छापील पावतीपुस्तक कुठल्या कपाटात आहे, त्यावरचे क्रमांक कुठून कुठपर्यंत आहेत, आणि रात्री अकरा वाजता कोणाला फोन लावायचा, एवढेच त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. ते पान लॅमिनेट करून घ्यावे, कारण डाळ मिलच्या धुळीत साधा कागद हंगामभर टिकत नाही.